भाचीला गेममधल्या माणसाने फुटाळा तलावावर बोलावलंय, आधी काय करू? (नागपूर)

भाची तेरा वर्षांची, मानेवाड्याला राहते. मोबाईल गेममध्ये एकाशी ओळख झाली. 'दहावीत आहे' म्हणाला, तिला डायमंड्स (गेममधलं चलन) पाठवले, मग दुसऱ्या ॲपवर नेलं. तिथे मेसेज आपोआप पुसले जातात. काल तिने स्वतःहून मला चॅट दाखवलं.

"आई आजपण ओरडून राहिली का? मला सांगत जा, मी आहे ना."

पानंच्या पानं हेच. दहावीतलं पोरगं इतक्या धीराने लिहीत नाही. मग "हे आपल्या दोघांतच ठेव", मग फोटोची मागणी (चेहऱ्याचा एक गेलाय), आणि आता "रविवारी फुटाळ्यावर ये, शिकवणीचं सांगून निघ".

पोरीला त्याची भीती नाही, फोन जाण्याची आहे. ताई तापट, भाऊजी त्याहून. ताईला सांगणार हे नक्की, पण कसं सांगू की पोरगी पुन्हा बोलायचीच बंद होणार नाही? त्याला आत्ताच ब्लॉक करू का?

प्रतिसाद:

ताई, मी शाळेत समुपदेशक आहे. ब्लॉक नंतर. आधी दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा: प्रोफाइल, युजरनेम, तारीख-वेळ, फुटाळ्याचा मेसेज. तिच्या नावाने उत्तर देऊ नका, आणि भाऊजींना त्याला पकडायला तिथे मुळीच जाऊ देऊ नका.

मग थेट जवळचं पोलीस ठाणं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे, तिथेही तक्रार होते. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो. (१९३० ही सायबर हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी.) भेट झाली नाही म्हणून थांबू नका. लैंगिक हेतूने मुलांशी ऑनलाइन वारंवार संपर्क ठेवणं हाही पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) खाली गुन्हा आहे, आणि गुन्हा घडण्याची शंका असली तरी कळवायचं असतं.

भाऊजींना हे जरूर सांगा, कारण घरं बदनामीच्या भीतीने गप्प बसतात: मुलीची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. जबाब तिच्या घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसतात, शक्यतो महिला अधिकारी असते.

तुमच्या ताईंशी आधी एकट्याने बोला, पण भाचीला सांगून. तिच्या पाठीमागे नको. ताईंचं पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" एवढंच असू द्या. फोन हिसकावला तर "आईला कळलं तर ओरडेल" हे त्याचं म्हणणं खरं ठरतं, पुढच्या वेळी ती कुणाकडेच येणार नाही. ते ॲप बंद करा, तेही पुरावा घेतल्यावर आणि पोलिसांना विचारून.

रविवारच्या आत तक्रार व्हायला हवी. ठाण्यात टाळाटाळ झाली तर इथे लगेच लिहा, मी सोबत येते.