मदत हवी आहे: ईसीजीतील अनियमित ठोके ओळखताना पी लहर विश्वासार्हपणे कशी शोधावी?

नमस्कार. मी कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ईसीजीचा संकेत वाढवणारी एडी ८२३२ ही चिप आणि तीन इलेक्ट्रोड वापरून एका लीडचा ईसीजी घ्यायचा आणि त्यातून अनियमित ठोके, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, लयीत न चालता थरथरणे), ओळखायचे असा माझा प्रकल्प आहे.

आर शिखरे (प्रत्येक ठोक्याची उंच टोके) शोधण्यात अडचण नाही. पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ ची पद्धत (५ ते १५ हर्ट्झचा बँडपास, मग अवकलन, वर्ग आणि सरकती सरासरी) एमआयटी-बीआयएच या ईसीजी नोंदींच्या संग्रहातील नोंदींवर आणि माझ्या नोंदींवरही नीट चालते. मात्र निर्णय केवळ दोन शिखरांमधील अंतराच्या चढउतारावर सोडला, तर निलयाचे (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे) अवेळी ठोके वारंवार पडणारी व्यक्तीही फिब्रिलेशनमध्ये गणली जाते, आणि श्वासाबरोबर ज्यांचा वेग निसर्गतःच कमीजास्त होतो असे तरुणही कधी कधी त्यात सापडतात. निलयाचा अवेळी ठोका सहसा १२० मिलिसेकंदांहून रुंद असल्याने वेगळा काढता येतो. अलिंदातून आलेला अवेळी ठोका मात्र बहुधा अरुंदच असतो, त्यामुळे तिथे पी लहर, म्हणजे ठोक्याआधी अलिंदाच्या हालचालीची येणारी छोटी लहर, पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

खरी अडचण इथेच आहे. घर शिवाजी उद्यमनगरला लागून असल्यामुळे आजूबाजूच्या मोटारी चालू असताना ५० हर्ट्झची गुणगुण आलेखावर स्पष्ट दिसते. ती काढण्यासाठी अरुंद नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता गाळणारा) लावला, की क्यूआरएसनंतर (आर शिखर ज्यात असते त्या टोकदार भागानंतर) बारीक तरंग उमटतात. आणि फेज बिघडू नये म्हणून तोच फिल्टर पुढून व मागून असा दोनदा चालवला, तर ते तरंग क्यूआरएसच्या आधीही, म्हणजे नेमके पी लहरीच्या जागी, येतात. जेमतेम ०.१ मिलिव्होल्टच्या लहरीला एवढा गोंधळ पुरेसा आहे.

पर्याय म्हणून नॉच न लावता, आर शिखरे एका रेषेत आणून ठोक्यांची सरासरी काढण्याचा विचार आहे. मिनिटाला ७५ ठोके धरले तर ३० सेकंदांत सुमारे ३७ ठोके मिळतात आणि ठोक्यांशी न जुळणारा गोंगाट साधारण सहापट घटतो. फिब्रिलेशन असेल तर सरासरीत पी लहर उरणारच नाही. परंतु फिब्रिलेशनचा झटका त्या ३० सेकंदांच्या मधेच सुरू झाला, तर आधीच्या ठोक्यांतील पी लहरी सरासरीत उरून निकाल खोटा दिलासा देईल, याची मला फार चिंता वाटते. फिब्रिलेशनमध्ये अलिंदात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळे असा रुग्ण निसटणे हे उगाच वाजलेल्या इशाऱ्यापेक्षा कितीतरी वाईट.

तेव्हा अशा वेळी सरासरीची खिडकी किती ठोक्यांची ठेवावी? अवेळी ठोके सरासरीतून आधीच वगळावेत का? आणि ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी नॉचऐवजी ५० हर्ट्झची साइन लहर जुळवून वजा करण्याचा मार्ग वापरला आहे का, आणि मोटारी चालू-बंद होताना तो टिकतो का? नावे काढून टाकलेल्या नोंदी आणि प्रोग्राम, संबंधितांची संमती असल्याने, इथे देऊ शकेन.