वर कळवलं, पण पुढे? पेन स्टेट प्रकरणाचे अनुभव

जो पटर्नो हे नाव निघालं की आमच्या घरात आजही दोन तट पडतात. नवरा म्हणतो, "अहो, त्यांनी वरिष्ठांना सांगितलं होतं. आणखी काय करायचं माणसाने?" मी म्हणते, सांगितलं आणि विषय सोडून दिला, तेच चुकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पटर्नो १९६६ पासून पेन्सिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य कोच होते. ४०९ विजय त्यांच्या नावावर. त्यांचे जुने सहायक जेरी सँडस्की १९९९ मध्ये निवृत्त झाले, तरी त्यांचं संघाच्या इमारतीत येणंजाणं चालूच होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये एका शुक्रवारी रात्री माइक मॅक्वेरी या तरुण सहायकाने सँडस्कींना तिथल्या शॉवरमध्ये एका लहान मुलाबरोबर पाहिलं. शनिवारी सकाळी तो पटर्नोंच्या घरी गेला. पटर्नोंनी क्रीडा संचालक टिम कर्ली यांच्या कानावर घातलं. पोलिसांकडे कोणीच गेलं नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल सँडस्कींना अटक झाली ती थेट ५ नोव्हेंबर २०११ ला. चार दिवसांत पटर्नोंची हकालपट्टी झाली, आणि २२ जानेवारी २०१२ ला कर्करोगाने ते गेले.

तुम्ही तेव्हा तिथे असाल तर काय पाहिलंत ते सांगा. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर तेही सांगा. कुठल्याही मुलाची ओळख कळेल असं मात्र काही नको.

*

तेव्हा मी तिथे पीएचडी करत होतो. ९ नोव्हेंबरच्या रात्री कोचना फोनवरून काढल्याची बातमी आली आणि सगळं गाव रस्त्यावर उतरलं. मीही उतरलो. वृत्तवाहिनीची गाडी उलटवली ती माझ्यापासून फार लांब नव्हती. मी हात लावला नाही, पण घोषणा घसा बसेपर्यंत दिल्या. फुटबॉलचे नियमसुद्धा मला धड कळत नव्हते. पण परदेशातून आलेल्या मुलाला त्या गावाने पहिल्या दिवसापासून आपलं मानलं होतं, आणि पटर्नो म्हणजेच ते गाव असं आम्हाला वाटायचं.

पहाटे खोलीवर आलो, झोप लागेना, म्हणून ग्रँड ज्युरीचा, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, सँडस्कींवरचा अहवाल उघडला. त्यात मुलांना नावं नव्हती, क्रमांक होते. तिसऱ्या-चौथ्या मुलापर्यंत वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. आधीच्या तीन तासांत मी कोणासाठी ओरडत होतो, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला. शुक्रवारी ओल्ड मेन या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीवर मेणबत्त्या घेऊन हजारो मुलं जमली, तिथेही गेलो. त्या रात्री घसा बसलेलाच होता, पण बोलायचंही नव्हतं.

*

मी त्याच विद्यापीठाचा जुना विद्यार्थी. माझं मत इथे अनेकांना रुचणार नाही, तरी मांडतो. १९९८ मध्ये एका आईने सँडस्कींविरुद्ध तक्रार केली होती. पोलिसांनी तपास केला, सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. सँडस्कींनी १९७७ मध्ये काढलेल्या 'द सेकंड माइल' या गरजू मुलांसाठीच्या संस्थेत शाळा विश्वासाने मुलं पाठवत होत्या. ज्यांचं कामच मुलांचं रक्षण करणं, त्यांना जे दिसलं नाही ते सत्तरी ओलांडलेल्या एका कोचला दिसायला हवं होतं, हे मला आजही पटत नाही. कायद्यापुरतं पटर्नोंनी कर्तव्य केलं, हे तपास यंत्रणेनेही मान्य केलं होतं.

विद्यापीठाने चौकशीसाठी नेमलेले एफबीआयचे माजी प्रमुख लुई फ्री यांच्या जुलै २०१२ च्या अहवालाने पटर्नोंसह चौघांवर प्रकरण दडपल्याचा ठपका ठेवला. पटर्नो कुटुंबाने तो खोडून काढणारा अहवाल पुढे आणला. मी दोन्ही वाचले. २२ जुलैला स्टेडियमबाहेरचा पटर्नोंचा पुतळा हलवला, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. पण एका वाक्यापाशी मीही अडतो, आणि ते त्यांचं स्वतःचं आहे. मागे वळून पाहताना आणखी काही करायला हवं होतं असं वाटतं, हे ते स्वतः बोलून गेले. मी त्यांची बाजू मांडतो तेव्हा हे वाक्य गाळत नाही.

*

पटर्नोंबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी त्या मुलांपैकी नाही, पण तसाच एक आहे. दुसरं गाव, दुसरा खेळ. ज्याने केलं त्याचा चेहरा आता पुसट झालाय. मोठे सर मात्र जसेच्या तसे आठवतात. ते सामानाच्या खोलीत आले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाच वाजले, चला आता." जाताना दार उघडं ठेवून गेले. पुष्कळ वर्षं मी त्या उघड्या दाराबद्दल त्यांचे आभार मानत होतो. हे पहिल्यांदा कोणाला सांगितलं तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो.

पटर्नोंना काढल्यावर तीन दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, पेन स्टेटच्या नेब्रास्काविरुद्धच्या सामन्याआधी दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर एकत्र गुडघे टेकून बसले आणि एक लाखाच्या वर माणसं गप्प झाली, ते मी टीव्हीवर पाहिलं. खूप रडलो.

*

माझी मुलगी पेन्सिल्व्हेनियात एका पोहण्याच्या क्लबात होती आणि मी तिथे वेळ नोंदवायला स्वयंसेवक म्हणून जायचे. ही अटकेच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. एक कोच एका मुलाला रोज स्वतःच्या गाडीतून सोडायचा. मुलाला रात्री उशिरा मेसेज पाठवायचा, हे माझ्या मुलीकडून कळलं. एकदा तो मुलगा गाडीत बसायला तयार नव्हता. भिंतीला पाठ लावून उभा होता, ओल्या केसांनी, टॉवेल दोन्ही मुठींत धरून. मी क्लबच्या प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत, मी बघतो." घरी येताना अगदी हलकं वाटलं. आपण आपलं काम केलं.

पुढच्या आठवड्यात तोच कोच त्याच काठावर स्टॉपवॉच घेऊन उभा. महिन्याभरात मुलगा यायचा बंद झाला. मी प्रमुखांना पुन्हा विचारलं नाही. संकोच वाटला. ते चांगले गृहस्थ होते, त्यांच्या शब्दावर शंका कशी घ्यायची?

वर्षभराने मॅक्वेरी आणि पटर्नोंची ती शनिवार सकाळ वाचली आणि हातपाय गार पडले. मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार घेणाऱ्या राज्याच्या हेल्पलाइनला, चाइल्डलाइनला, फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, मग मुलाचं पूर्ण नाव विचारलं. मला आडनाव सांगता येईना. वर्षभर आठवड्यातून तीनदा मी त्याची वेळ लिहीत होते.

शॉवरमधल्या त्या मुलाची ओळखही खटल्यात शेवटपर्यंत निश्चित झाली नाही. जून २०१२ मध्ये सँडस्की ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरले, पण तो मुलगा कोण हे कोर्टात काही पुढे आलं नाही. २००१ मध्ये कोणीतरी नुसतं नाव विचारायला हवं होतं. मॅक्वेरीने, पटर्नोंनी, कर्लींनी, कोणीही.

*

मी त्याच राज्यात शिक्षिका आहे. पूर्वी आम्ही मुख्याध्यापकांना सांगायचं आणि पुढचं त्यांनी बघायचं, असा कायदा होता. या प्रकरणानंतर तो बदलला. २०१४ च्या अखेरीपासून शंका आली की स्वतः चाइल्डलाइनला कळवायचं, वरिष्ठांना त्यानंतर. मी दोनदा कळवलंय. पहिल्यांदा मुख्याध्यापिका दुखावल्या, "आधी माझ्याकडे का नाही आलीस?" त्यांच्याशी माझे संबंध फार चांगले होते आणि त्यांना न विचारता फोन उचलताना छातीत धडधडत होतं. पटर्नोंच्या शब्दाला तिथे केवढं वजन होतं! त्यांच्यासमोर बसलेल्या तरुण मॅक्वेरीला, आता सर बघतील, असं वाटलं असणारच. तो दिलासा किती खरा वाटतो, हे मी अनुभवलंय.

*

पोहण्याच्या क्लबवाल्या ताई, एक विचारू का? त्या मुलाचं आडनाव मिळालं का?

*

हो. त्याच रात्री. मुलीच्या कपाटात जुन्या शर्यतींची निकालपत्रकं होती. ५० यार्ड ब्रेस्टस्ट्रोक, तिसरा क्रमांक. पूर्ण नाव छापलेलं होतं. पुन्हा फोन करून सांगितलं. शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत.