कथेतलं मूल अकाली मोठं होतं तो क्षण कसा लिहायचा?

कोरापान:
कथेत दहा वर्षांची मुलगी आहे. दुकानात कामाला असलेले वडील मालकाच्या गल्ल्यातून नोटा काढताना तिला दिसतात. खर्डा तीन हजार शब्दांचा झालाय. शेवटचं वाक्य आहे, 'त्या दुपारी ती मोठी झाली.' वाचलेल्यांचं म्हणणं, मुलगी तत्त्वज्ञ वाटते. प्रथमपुरुषी निवेदन केलं तर सुधारेल का?

शेवंता:
आधी ते शेवटचं वाक्य उडवा. ती मोठी झाली हे वाचकाला कळायला हवं, तिला नाही.

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (1955) हा सिनेमा पुन्हा बघा. लहानग्या अपूची थोरली बहीण दुर्गा पावसात भिजून तापानं जाते. त्यानंतर अपू घराबाहेर निघतो, आभाळाकडे बघतो, परत आत जाऊन छत्री घेतो. बस्स. 'आता आपली काळजी आपणच घ्यायची' असं कुणी बोलत नाही, पण पाऊस काय करू शकतो हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे छत्री जड होते. म्हणजे तीच वस्तू आधी येऊन गेलेली हवी.

पुढे गाव सोडताना फळीवरच्या करवंटीत चोरीची माळ सापडते. दुर्गानं ती घेतल्याचं शेवटपर्यंत नाकारलेलं असतं. अपू कुणाला न सांगता माळ तळ्यात फेकतो. शेवाळ बाजूला होतं आणि पुन्हा जुळून येतं. सिनेमा ज्यावरून घेतला त्या बिभूतिभूषणांच्या कादंबरीत माळेऐवजी सोन्याची डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बनात फेकतो. राय यांनी तळं घेतलं, कारण पाणी मिटताना डोळ्यांना दिसतं. तुमच्या मुलीलाही एक गुपित सांभाळायला द्या. मोठं होणं बहुतेकदा असंच दिसतं, कुणासाठी तरी गप्प राहण्यात.

खडूस मास्तर:
प्रथमपुरुषी केल्यानं आपोआप काही सुधारत नाही, उलट एक नवी अडचण येते. सांगणारा 'मी' दहाचा की चाळीसचा? बहुतेक खर्डे इथेच फसतात. प्रसंग दहाचा, विशेषणं चाळिशीची.

एक सोपी चाळणी लावा. जाणवलं, उमगलं, अगतिक, पोकळी, विश्वासघात हे शब्द शोधून काढून टाका. त्यांच्या जागी ती काय बघते ते लिहा: बाबांचा हात गल्ल्यात किती वेळ होता, नोटा कुठल्या खिशात गेल्या, त्यांनी वळून बघितलं तेव्हा ती कशाकडे बघायला लागली. घाबरलेलं मूल मोजत बसतं, अर्थ लावत नाही. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन हा मुलगा वाचा. मोठ्यांचं जग त्याला अर्धवटच कळतं आणि 'मॅड' या एका शब्दावर तो कितीतरी भावना निभावून नेतो. उरलेलं अर्धं आपण भरतो.

वाटसरू७:
वरच्या दोघांशी सहमत, पण एक राहिलं. 'निरागसता' फार ढोबळ शब्द आहे. तिचा नेमका कोणता समज मोडतो?

'बायसिकल थीव्ज' (1948) या सिनेमातला लहान ब्रुनो काही भाबडा नाही, पेट्रोल पंपावर कामाला जातो. गरिबी त्याला माहीत आहे. मोडते ती फक्त बापाची उंची. बाप त्याला ट्रामनं जायला सांगतो, ट्राम चुकते, म्हणून बाप सायकल चोरताना त्याला दिसतो. आणि सायकलचा मालक बापाला सोडून देतो तो रडणाऱ्या ब्रुनोकडे बघून! मूल नुसतं साक्षीदार नाही, त्याच्यामुळे गोष्ट वळते. तुमची मुलगी फक्त बघते, हीच खरी गळती वाटते.

'फँड्री' सिनेमात जब्याचा समज आणखी नेमका आहे: काळी चिमणी जाळून तिची राख त्याला आवडणाऱ्या शालू या मुलीवर टाकली की ती वश होईल. सिनेमा या चिमणीला भरपूर वेळ देतो. म्हणून शेवटी डुकरामागे धावणाऱ्या जब्याला बघून गाव हसतं, त्यात शालूही असते, तेव्हा नुसता अपमान होत नाही, चिमणीही संपते. आधीचा वेळ दिला नसता तर जब्यानं शेवटी भिरकावलेला दगड नुसती घोषणा झाला असता.

कोरापान:
म्हणजे गल्ल्याचा प्रसंग पहिल्या पानावर नको?

वाटसरू७:
मध्याच्या थोडा पुढे न्या. त्याआधी बाबा तिला सुटे पैसे मोजायला शिवतायत, एक रुपया जास्त आला तर परत करायला लावतायत, असा एक साधा प्रसंग हवा.

शेवंता:
आणि शेवटी मालक तिला विचारू दे, 'गल्ल्यापाशी कोण होतं गं?' तिचं उत्तर एका ओळीत द्या. त्यानंतर एकही वाक्य नको.

खडूस मास्तर:
वर 'शिवतायत' नाही, 'शिकवतायत'. बाकी +१.