फुटक्या दगडाचा छाप: श्रेय कुणाचं?

रेखा_डी:
अमेरिकी चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गच्या सगळ्या कामात मला ‘अ‍ॅक्सिडेंट’ (१९६३) हे शिळाछाप (लिथो, म्हणजे सपाट दगडावर रेखाटून त्यावरून छापलेलं) चित्र सर्वांत थोर वाटतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तात्याना ग्रोसमन यांच्या छापखान्यात छपाई चालू असताना लिथोचा दगड फुटला. दुसरा घेतला, तोही फुटला. तेव्हा त्याने फुटका दगडच छापायचा हट्ट धरला. कागदावर तिरकी पांढरी भेग उमटली, आणि दगडाचे कपचे त्याने मुद्दाम खाली मांडले. त्याच वर्षी लुब्लियानाच्या (आता स्लोव्हेनियात) छापचित्रांच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. दगडालाही चित्रात वाटा देणारा चित्रकार विरळाच.

शिरीष_छापवाला:
रेखाताई, नाही पटत. फुटक्या दगडावरून स्वच्छ प्रती काढणं हे मुद्रकाचं कसब. सही मात्र चित्रकाराची! त्याची १९५३ची ती टायरच्या ठशाची पट्टी घ्या. टाइपरायटरचे २० कागद चिकटवून रस्त्यावर अंथरले आणि त्यावरून संगीतकार जॉन केजने स्वतःची फोर्ड चालवली. राउशेनबर्गने केलं काय?

रेखा_डी:
रंग ओतला, वाट ठरवली, सुमारे २२ फूट सलग उमटवायचं ठरवलं. कसबच हवं असेल तर ‘कार्डबर्ड’ (१९७१) बघा. रद्दीतली खोकी वाटतात, पण त्यांवरची लेबलं, डाग सगळं छापलेलं आहे.

नंदू_एम:
माझं पोट छायाचित्रांवर चालतं, म्हणून माझा राग वेगळा. ‘पुल’ (इंग्रजी Pull, १९७४) या छापचित्रात त्याने छायाचित्रकार मॉर्टन बीब यांचं सूर मारणाऱ्या माणसाचं छायाचित्र जाहिरातीतून उचललं, न विचारता. बीब कोर्टात गेले, १९८०मध्ये तडजोड झाली. रस्त्यावरचं खोकं आणि दुसऱ्याने टिपलेला क्षण, दोन्ही एकाच पिशवीत कसे टाकता?

रेखा_डी:
नंदू, इथे मी तुमच्या बाजूने. विचारायला हवं होतं. पण त्यावरून टायर आणि दगडही बाद ठरवू नका.

शिरीष_छापवाला:
मुद्दा तोच आहे, ताई. १९७५मध्ये तो अहमदाबादला गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात आला. चिंचोक्याची पूड, मेथी, लगदा, माती कालवून ‘बोन्स अँड युनियन्स’ ही कलाकृतींची मालिका घडवली. ती माती मळणाऱ्या एका तरी कारागिराचं नाव आपल्यापैकी कुणाला सांगता येईल?

रेखा_डी:
मला नाही येत, आणि ते बोचतं. तरी त्या कलाकृतींतला बांबू, साडीचं कापड आणि ती माती एकत्र बघायची नजर त्याचीच होती, हे मी सोडणार नाही. कारागिरांची नावं चित्राखाली यावीत, एवढी मागणी आपण दोघं मिळून करू शकतो.