मुलाखतीनंतर उमेदवार गळतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात मी एचआर बघतो. क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) केमिस्टच्या दोन जागा चवथीच्या आधीपासून रिकाम्या आहेत. मुलाखतीला पोरं उत्साहाने येतात, कंपनीची बस कुठून सुटते तेही विचारतात. पण ऑफर लेटर जायला आमच्याकडे पंचवीसेक दिवस लागतात, कारण शेवटची सही मुंबईत बसणाऱ्या डायरेक्टरांची. तोवर एकतर फोन उचलत नाहीत, नाहीतर "सर, दुसरीकडे जॉईन झालो".

फोंड्याच्या एका मुलीला खोदून विचारलं. पगार आमचाच जास्त होता. म्हणाली, "वीस दिवस काहीच कळलं नाही. आई म्हणाली, आत्ताच असं, तर पगार तरी वेळेवर देतील का?" (हे फार झोंबलं. पगार आमच्याकडे सात तारखेच्या आत होतो!)

साहेब म्हणतात, "ज्याला खरंच यायचंय तो थांबेल." मला वाटतं, ज्याला दुसरीकडून बोलावणं नाही तोच थांबतो.

एकाला त्याच दिवशी ऑफर देऊन पाहिली, तर वडिलांचा फोन: "इतकी घाई? माणसं टिकत नाहीत का तुमच्याकडे?"

साहेबांना पटेल असा काही आधार आहे का कोणाकडे?

प्रतिसाद १
आहे. बेकर, कॉनोली आणि स्लॉटर यांचा २०१० चा अमेरिकी अभ्यास दाखवा. लवकर दिलेल्या ऑफर जास्त स्वीकारल्या गेल्या, आणि त्या माणसांचं काम किंवा टिकणं इतरांपेक्षा कमी नव्हतं. १९९१ मध्ये राइन्स, ब्रेट्झ आणि गेरहार्ट यांनाही दिसलं होतं की उशीर झाला की काही उमेदवार कंपनीतच गडबड आहे असं धरून चालतात. फोंड्याची आई एकटी नाही!
डायरेक्टरांकडून पगाराची मर्यादा जाहिरातीआधीच मंजूर करून घ्या, म्हणजे सहीसाठी अडणार नाही. मुलाखत संपताना कळवण्याची तारीख सांगा आणि निर्णय झाला नसला तरी त्या दिवशी फोन कराच.

धागाकर्ता
मर्यादा आधी मंजूर करून घेणं सुचलंच नव्हतं, धन्यवाद. पण त्या वडिलांना काय सांगायचं?

प्रतिसाद २
कारखाना बघायला बोलवायचं. माझे बाबा आमच्या कुंडईच्या कारखान्यात आले होते. साहेबांना भेटलेच नाहीत, गेटवरच्या वॉचमनला विचारलं, "किती वर्षं आहात इथं?"