कथास्पर्धेला पहिल्यांदाच कथा पाठवतेय, नियमावली वाचून डोकं गरगरतंय

लिंबूटिंबू_अकोला:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. झालं असं की मैत्रिणीने एका दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेचं पत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, आता तरी वहीतून बाहेर काढ. कथा आहे, दोन वर्षांपासून आहे, शंभरपानी वहीत पेन्सिलीने लिहिलेली. (इथे दोन वाक्यं होती, काढलीत. का ते खाली वाचत गेलात की कळेल.)

तर नियम असे आहेत. १५०० ते २५०० शब्द, युनिकोडमध्ये टाइप केलेली, वर्ड आणि पीडीएफ दोन्ही पाठवायचं, कथेवर कुठेही नाव नको, सोबत स्वलिखित आणि अप्रकाशित असल्याचं हमीपत्र, मुदत ३० जून, प्रवेश फी काही नाही. आणि शेवटी बारीक अक्षरात "पाठवलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील". हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. सर्व हक्क म्हणजे उद्या माझा कथासंग्रह निघाला (हसू नका) तर ही कथा त्यात घालता येणार नाही का?

दुसरं म्हणजे कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला टाइप करून देतो म्हणाला पानाला ४० रुपयांत, पण युनिकोड आहे का विचारलं तर म्हणे "मॅडम मराठीच आहे ना मग झालं". तिसरं, कथेचा सुरुवातीचा भाग मी मागच्या वर्षी फेसबुकवर टाकला होता, ६० एक लाइक आले असतील, मग ती अप्रकाशित धरायची की नाही? आणि संवाद सगळे वऱ्हाडीत आहेत, पुण्यामुंबईच्या परीक्षकांना कळेल का, की कंसात अर्थ देऊ? अजून एक स्पर्धा दिसतेय, तिकडेही हीच पाठवली तर चालेल का? एवढे सगळे प्रश्न एकदम विचारल्याबद्दल सॉरी.

डीटीपीवाला_काका:
ताई, झेरॉक्सवाल्याला देऊ नका एवढंच आधी सांगतो. मी २२ वर्षं डीटीपी करतोय, या मंडळींकडे अजून कृतिदेव, शिवाजी असले जुने फॉन्ट चालतात. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं पण आत कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजीच अक्षरं असतात, त्यामुळे ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याने फाइल उघडली की नुसती गिचमिड. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो, म्हणून फोनवर, लॅपटॉपवर, कुठल्याही फॉन्टमध्ये उघडा, मराठी ते मराठीच. सोपी परीक्षा सांगतो, टाइप केलेली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपला चिकटवा, मराठीच दिसली तर युनिकोड.

तुम्ही फोनवरच करा की. गूगल डॉक्स उघडा, जीबोर्डला (गूगलचा कीबोर्ड) मराठी लावा, रोज दोन पानं केलीत तरी १५ दिवसांत होईल. शेवटी त्यातूनच वर्ड आणि पीडीएफ दोन्ही काढता येतं. पीडीएफ स्वतः एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघा. आणि वर्डची फाइल हरवली म्हणून पीडीएफमधून मजकूर परत कॉपी करायला जाऊ नका, वेलांट्या आणि रफार पार इकडचे तिकडे होतात, ते निस्तरण्यापेक्षा परत टाइप केलेलं बरं.

"दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला तो अर्धा र नीट येतोय का बघा. खालच्या टिंबवाला ऱ घेऊन पाय मोडून य जोडायचा, साधा र घेतला की "दुसर्या" होतं आणि परीक्षकाला पहिल्याच पानावर खडा लागतो. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी, तो शिफ्ट जे वर आहे.
(एडिट: चाळणीवाली ताईंच्या सांगण्यावरून माझ्या पोस्टमधला कथेचा उल्लेख काढलाय)

नुसताच_वाचक:
फेसबुकचं कोण बघतंय हो, पोस्ट डिलीट करा आणि बिनधास्त पाठवा. दोन ठिकाणीच काय चार ठिकाणी पाठवा, लागला तर मटका. मी तर म्हणतो असल्या स्पर्धांत आधीच ठरलेलं असतं सगळं.

चाळणीवाली:
वाचकभाऊ, असे सल्ले देऊ नका प्लीज. मी एका स्पर्धेसाठी तीन वर्षं पहिल्या फेरीचं वाचन केलंय (कुठली ते सांगणार नाही), म्हणजे परीक्षकांकडे जायच्या आधी जी चाळणी लागते ती मी. ठरलेलं वगैरे काही नसतं, निदान आमच्याकडे नव्हतं, आम्हाला नावंच दिसायची नाहीत, नुसते नंबर. पण बऱ्याच कथा न वाचताच बाजूला गेल्या हे खरं आहे आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यातल्या काही पहिल्या परिच्छेदावरून चांगल्या वाटत होत्या. कशामुळे गेल्या, तर कथेच्या शेवटी "समाप्त" आणि त्याखाली नाव, गाव, मोबाइल नंबर. सवयच असते लोकांना. काहींनी कथेवर नाव दिलं नाही पण फाइलला स्वतःचं नाव दिलं. आणि एक गंमत बहुतेकांना माहीतच नसते, वर्डच्या फाइलमध्ये प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून तुमचं किंवा ज्याचा कॉम्प्युटर आहे त्याचं नाव बसलेलं असतं. ते पण काढा. फाइलला नुसतं कथेचं शीर्षक द्या, आणि नाव पत्ता फोन हे सगळं वेगळ्या पानावर किंवा मेलमध्ये, पत्रकात जसं मागितलंय तसं.

आता फेसबुकचं. बहुतेक आयोजक फेसबुक, ब्लॉग, प्रतिलिपीसारखी कथांची साइट, इतकंच काय मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलंही प्रकाशित धरतात. डिलीट करून मग हमीपत्रावर सही करायची हे मला पटत नाही, आणि ६० लाइकवाल्यांपैकी एकजण जरी म्हणाला की मी हे वाचलंय तरी निकालानंतर बक्षीस परत घेतात, ते जास्त लाजिरवाणं. पण तुम्ही सुरुवातच टाकली होती ना? मग सरळ आयोजकांना दोन ओळींचा मेल करा की अमुक इतका भाग, साधारण इतके शब्द, माझ्या भिंतीवर होता, चालेल का. लेखी उत्तर आलं की विषय संपला. विचारल्यामुळे कोणी बाद करत नाही.

दोन ठिकाणी पाठवणं मात्र नको. पत्रकात लिहिलेलं नसलं तरी दिवाळी अंकवाल्यांना ते आवडत नाही, कारण पानं लावून झाल्यावर कळतं की हीच कथा दुसऱ्याही अंकात येतेय आणि मग दोघंही तुमच्यावर कायमची फुली मारतात. दुसऱ्या स्पर्धेसाठी दुसरी कथा लिहा की, वहीत अजून पानं असतीलच.

आणि वऱ्हाडी अजिबात सोडू नका, कंस तर मुळीच नको. संवादाच्या मध्ये कंसात अर्थ आला की पात्र बोलता बोलता थांबून शिकवायला लागल्यासारखं वाटतं. "मले", "कायले", "इकून" हे कोणालाही कळतं. एखादा शेतीचा शब्द फारच आतला असेल तर निवेदनातच त्या वस्तूचं काहीतरी घडताना दाखवा, समजून जातं. माझ्यासारखी ठाण्याची बाईसुद्धा समजून घेते हो.

लिंबूटिंबू_अकोला:
चाळणीवाली ताई, किती नीट सांगितलंत, फारच आभार. मेल केलाय आयोजकांना. काका, तुमचं ऐकून टायपिंग सुरू केलंय पण एक भानगड झाली. बोटं दुखायला लागली म्हणून व्हॉइस टायपिंग लावलं, तर मी म्हणते "मले नाई पायजे" आणि तो फोन लिहितो "मला नाही पाहिजे"! माझी सगळी माणसं सदाशिव पेठेत राहायला गेली. निवेदन बोलून करतेय आणि संवाद बोटांनी. पूर्णविराम पण तो स्वतःहून देत नाही, एक अख्खं पान एकाच वाक्याचं झालंय.

शब्द आता २६८० होतायत. १८० जास्त. चालतील का?

डीटीपीवाला_काका:
नाही चालणार. मर्यादा म्हणजे मर्यादा. आणि "त्याच्या साठी", "घरा पर्यंत" असं तोडून लिहिलंय का बघा, कॉम्प्युटर दोन शब्दांमधली मोकळी जागा बघून शब्द मोजतो. जोडून लिहायचे ते शब्द जोडलेत की शुद्धलेखनही सुधारेल आणि ३०–४० शब्द आपोआप कमी होतील. बाकीचे सुरुवातीतून कापा. बहुतेकांची कथा दुसऱ्या पानावर सुरू होते. हे मी टाइप करता करता शिकलो, साहित्यिक वगैरे नाही मी.

कलम_एकोणीस:
हक्कांच्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. कॉपीराइट कथा लिहिली त्या क्षणी तुमचा होतो, नोंदणी लागत नाही, वहीत पेन्सिलीने लिहिली तरी. आपला कायदा १९५७ चा, त्यातलं कलम १९ म्हणतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. नुसत्या पत्रकात "सर्व हक्क आमचे" छापल्याने तुमचे हक्क जात नाहीत. पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, तुम्ही जे हमीपत्र सही करून देणार त्यात ते वाक्य आहे का हे बघा. तिथे असेल तर सही झालीच. अशा लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. लेखक म्हणून तुमचं नाव लागण्याचा हक्क मात्र सगळे हक्क दिले तरी तुमच्याकडेच राहतो, ते कलम ५७.

बहुतेक वेळा आयोजकांच्या मनात काही काळंबेरं नसतं, कुठल्या तरी जुन्या पत्रकावरून वाक्य उचललेलं असतं. हमीपत्रात ते असेल तर त्याच्या जागी "दिवाळी अंकात एकदा प्रसिद्ध करण्याचा हक्क" असं चालेल का विचारा. नाही म्हणाले तर तुम्ही ठरवा. मी स्वतः पहिल्या कथेसाठी फार ताणणार नाही, पण कादंबरीचा भाग असता तर दिला नसता.

गुहागरी:
अवांतर होईल थोडं पण तुमच्या त्या दुसऱ्या स्पर्धेची फी आहे का? असेल तर पैसे कोणाच्या नावावर जातात ते बघा. संस्थेच्या खात्यावर शंभर दोनशे घेतात ते मी समजू शकते, परीक्षकांचं मानधन, टपाल, सगळंच फुकट होत नाही. पण कोणाच्या तरी खाजगी नंबरवर जीपे करा म्हणत असतील तर लांब राहा. माझ्या बाबतीत झालंय ते सांगते, कविता "निवडली गेली", अभिनंदनाचं रंगीत प्रमाणपत्र आलं, मग कळलं की प्रातिनिधिक संग्रह निघतोय आणि प्रत्येक कवीने पाच प्रती विकत घ्यायच्या. ज्या ज्या बायकांनी पाठवलं होतं त्या सगळ्याच निवडल्या गेल्या होत्या, एक पण नापास नाही. त्या पाच प्रती अजून माळ्यावर आहेत, वाढदिवसाला कोणाला द्यायची पण हिंमत होत नाही.

इंग्रजी जमणारं कोणी ओळखीत असेल तर कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइज पण आहे, फी नाही, २००० ते ५००० शब्द. मराठीतून थेट घेत नाहीत पण इंग्रजी अनुवाद केलेली कथा चालते. आणि पुढे पहिलं पुस्तक काढायचं झालं तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघून ठेवा, ते हसण्यासारखं अजिबात नाहीये.

लिंबूटिंबू_अकोला:
अपडेट देते. आयोजकांचं उत्तर आलं, सुरुवातीचे ३०० शब्द सोशल मीडियावर असले तरी चालेल म्हणाले, मेल जपून ठेवलाय. हमीपत्रात हक्कांचं वाक्य नव्हतंच, फक्त पत्रकात होतं, त्यामुळे निवांत सही केली. काकांचं ऐकून पहिलं पान जवळजवळ सगळंच उडवलं आणि खरंच काही बिघडलं नाही, थोडा राग आला एवढंच. २४६० शब्द. दुसऱ्या स्पर्धेची फी ३०० रुपये आहे आणि एका गृहस्थांच्या नंबरवर मागतायत, ती सोडली. परवा रात्री साडेअकराला पाठवली आणि लगेच साहित्य मिळाल्याचा मेल आला. नवरा म्हणतो दिवाळीपर्यंत आता रोज मेल उघडून बघशील.

चाळणीवाली:
अभिनंदन! पाठवली हेच मोठं. पण ताई, एक गोष्ट आत्ता लक्षात येतेय आणि मी आधीच सांगायला हवी होती. तुम्ही या धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये कथेत काय आहे ते लिहिलंय, आणि आयडीत अकोला आहे. इथे दिवाळी अंकवाली मंडळी बरीच वावरतात. कथेवरचं नाव काढलंत, फाइलमधलं काढलंत, आणि इथे पाटी लावून ठेवलीत. ती वाक्यं काढा लगेच, आणि काकांनी पण त्यांच्या पोस्टमधलं काढा.

लिंबूटिंबू_अकोला:
अरे देवा. एडिट कुठून करतात?

डीटीपीवाला_काका:
पोस्टच्या उजव्या बाजूला तीन टिंबं. माझं काढलं मी.