आईचं दर रविवारचं मिठाचं पाणी कसं थांबवू? मदत हवी आहे

नमस्कार, घाबरून लिहितेय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या. आई ६१ वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे आणि त्या गोळीत लघवी जास्त होण्याचं औषध पण आहे. दोन महिन्यांपूर्वी तिने कुठलातरी व्हिडिओ बघितला, आतड्यात वर्षानुवर्षं मळ चिकटून राहतो वगैरे, झालं, तेव्हापासून दर रविवारी उपाशीपोटी लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ घालून पिते आणि मग दुपारपर्यंत संडासच्या फेऱ्या.

परवा सातव्या की आठव्या फेरीनंतर बाहेर आली ती दाराची कडी धरून तशीच उभी राहिली, काय झालं विचारलं तर बोलेचना, ओठ पांढरे पडलेले. खुर्चीत बसवलं तर दोन्ही पोटऱ्यांत गोळे, मी दाबत होते आणि पायाची बोटं माझ्या हातात वाकडी होत होती. आणि तरी म्हणते, "बघ किती हलकं वाटतंय"! आता पुढच्या रविवारी कॉफीचा एनिमा घ्यायचं चाललंय.

काही म्हटलं की उत्तर तयार, कोलोनोस्कोपीच्या (नळीने मोठं आतडं आतून तपासतात ती) आधी डॉक्टरच पोट साफ करायला लावतात ना, मग घरी केलं तर काय बिघडलं? यावर काय बोलू? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी नर्स आहे. कोलोनोस्कोपीच्या पावडरमध्ये क्षार मोजून घातलेले असतात, अंगातलं पाणी आणि क्षार फारसे वरखाली होऊ नयेत म्हणून, आणि तेही त्या तपासणीपुरतंच. दोन चमचे म्हणजे १० ग्रॅमच्या वर मीठ झालं, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, त्यात त्यांना बीपी. वरून जुलाबातून पोटॅशियम जातं, लघवीच्या औषधानेही जाऊ शकतं, गोळे त्यामुळे असू शकतात आणि पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मळाचा थर चिकटून राहतो हे खरं नाही हो, आतड्याचं अस्तर काही दिवसांत आपोआप नवं होतं. कॉफीचा एनिमा तर अजिबात नको, गुदाशय आतून भाजल्याच्या केसेस आहेत, मृत्यूही झालेत.

उद्याच डॉक्टरांकडे न्या, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन बघतील, बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. चक्कर येऊन पडल्या, छातीत धडधडलं, लघवी कमी झाली किंवा संडासातून रक्त गेलं तर उद्याची वाट न बघता लगेच इमर्जन्सीत. आणि एक, वाद घालू नका, शांतपणे विचारा की मुळात पोट साफ होत नाही म्हणून तर हे करत नाहीयेत ना? या वयात सवय अचानक बदलली असेल तर ते तपासायलाच हवं.

धागाकर्ती:
खूप आभार. आत्ता विचारलं. आधी नाहीच म्हणाली, मग हळूच सांगितलं की चार महिने झाले, तीन-तीन दिवस होत नाही, सांगायची लाज वाटत होती. मला कधी कळलंच नाही हो. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतलीये, हे चार महिन्यांचं पण कागदावर लिहून नेतेय, म्हणजे तिथे तिला तोंडाने सांगायला लागणार नाही.